सड्यावरचा थांबा

मालनबाई नलवडे स्वतःच्याच घरात बसून "मला घरला ने" म्हणायला लागल्या, तेव्हा सारिकाला वाटलं, आईला माहेरची आठवण येत असेल. सारिका त्यांची एकुलती एक मुलगी. एका रविवारी तिने आईला गाडीत घातलं आणि मामाच्या गावी नेलं. आई अंगणात उभी राहिली. गोठा पाहिला, पडवी पाहिली, दारात जमलेल्या भावजयांची तोंडं पाहिली आणि मान हलवून म्हणाली, "हे न्हवं." पुढच्या खेपेला सारिकाने तिला कराडला नेलं. आईने संसाराची पहिली वर्षं तिथल्या एका चाळीत काढली होती. चाळ जाऊन आता टाइल्सचं दुकान झालं होतं. आईने काचेतून आत डोकावून पाहिलं. तेही नव्हतं.

कराडच्या डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं, की विस्मरणाच्या या आजारात पुष्कळ माणसं घर मागतात, पण ते घर कुठल्या पत्त्यावर नसतं. एखाद्या जागी पोचल्यावर जिवाला आपोआप टेकल्यासारखं वाटतं ना, ते वाटणंच त्यांच्यातून निघून गेलेलं असतं, आणि ते परत मागायला त्यांच्याजवळ दुसरा शब्द उरलेला नसतो. सारिकाने त्यानंतर शोधाशोध सोडून दिली. आईने घर मागितलं की ती "उद्या जाऊ" म्हणे. आईला तेवढ्यापुरतं बरं वाटे आणि घटकाभराने ती पुन्हा विचारी.

त्या वर्षीचा सप्टेंबर सरत आला होता. गवळसड्यावरची, गावाच्या वरच्या कातळी पठारावरची, फुलं वाळून कातळ पुन्हा उघडा पडू लागला होता. सारिका सड्यावरचं काम आटोपून दिवस मावळताना आरवडीत, आपल्या गावात, उतरली, तर घराचं दार सताड उघडं आणि आत आई नाही. शेजारच्या कौसल्याकाकूंनी सांगितलं, की मालन वर सड्याकडे गेली. पण वाटेनं गेली नाही, नाकासमोर चालत गेली. शेतातून, बांधावरून, करवंदीच्या जाळीतून. काकूंनी हाक मारली तर तिने वळूनही पाहिलं नाही.

सारिका धावतच वर चढली. कातळावरच्या उथळ तळ्याच्या काठी, तांब्याच्या तारेची रिंगणं बसवलेल्या खांबापाशी आई मांडी घालून बसलेली होती. पायात चपला नव्हत्या. पातळाला कुसळं चिकटली होती आणि पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे होते. तिच्या भोवती, अगदी हाताच्या अंतरावर, पिवळे धोबी शेपट्या हलवत बसले होते. धोबी पक्षी माणसाला इतकं जवळ येऊ देत नाही. हे मात्र आईला दगडच समजत होते.

सारिकाने धाप आवरत, अंधार पडायच्या आत उतरूया, असं म्हटलं. आईने वर पाहिलं. तिचा चेहरा शांत होता.

"कुठं उतरायचं? आले की घरी," ती म्हणाली. मग तिने सारिकाचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस जरा, सारे. किती दमलीस."

गेल्या दिवाळीपासून आईने तिला नावाने हाक मारली नव्हती. ती तिला 'बाई' म्हणत असे, जशी एखाद्या परक्या बाईला म्हणतात. सारिका तिचा हात धरून तिथेच कातळावर बसून राहिली.

सारिका पक्ष्यांच्या पायात कड्या चढवायचं काम करायची. शरद ऋतू आला की हिमालयापलीकडचे पक्षी दक्षिणेकडे निघतात. त्यांतले पुष्कळसे सह्याद्रीची धार धरून केरळापर्यंत, काही तर समुद्र ओलांडून लंकेपर्यंत जातात. वाटेत ते सड्यावर टेकतात. सारिका पहाटे केसाएवढ्या बारीक धाग्याची जाळी ताणून ठेवायची. अडकलेला पक्षी हलक्या हाताने सोडवायचा, त्याचं वजन करायचं, पंख मोजायचा, छातीवरच्या पिसांवर फुंकर मारून कातडीखाली चरबी किती चढली आहे ते पाहायचं, पायात नंबराची कडी घालायची आणि मूठ उघडायची. तोच पक्षी कुठे तरी कुणाच्या हाती पुन्हा लागला, तर तो कुठून कुठे गेला ते कळतं.

सड्याच्या धारेवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून तिच्या वाट्याला आणखी एक काम आलं होतं. पात्यांच्या फटक्याने मेलेले पक्षी गोळा करायचं. पहाटे आणि सांजेला थवे खाली येत आणि पात्यांत सापडत. एवढी मोठी पाती थवा दिसल्यावर थांबवायची म्हटली तरी वेळेत थांबत नसत. सारिका सकाळी बादली घेऊन निघे आणि बहुधा भरून आणे.

त्यावर तोड काढली ती डॉ. समीर मुजावर यांनी. मुजावर मूळचे कराडचेच, पुण्याच्या एका संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ. पक्ष्यांना दिशा कशी कळते, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. पक्ष्याच्या डोळ्याच्या पडद्यात एक प्रथिन असतं. निळा उजेड पडला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी होते, आणि ती जोडी कशी वागेल हे पृथ्वीच्या चुंबकत्वावर ठरतं. म्हणजे पक्ष्याला चुंबकत्व चक्क दिसतं. जगावर एक फिकट सावली धरलेली असावी आणि मान वळवली की ती सरकावी, तसं काहीसं. एवढं आधीपासून माहीत होतं. मुजावरांनी त्याच्या पुढचं शोधून काढलं. मुक्कामाला पोचलेल्या पक्ष्याच्या डोळ्यातली ती सावली सरकायची थांबते, सगळीकडे सारखी पसरते, आणि पक्ष्याच्या मेंदूतली प्रवासाची तगमग त्याच क्षणी निवते. ही पोचल्याची खूण. विशेष म्हणजे ती बाहेरून उमटवता येत होती. मोबाइलच्या लहरींपेक्षाही क्षीण लहरी ठरावीक लयीत सोडल्या, की तेवढ्या टापूतल्या पक्ष्याला वाटायचं, आपण पोचलो.

मुजावरांनी पवनचक्क्यांपासून दूर, तळ्याकाठी एक बुटका खांब उभा केला आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेची मोठी रिंगणं बसवली. उजेड निळसर असतो तेव्हा, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, तो चालू ठेवायचा. पक्षी पात्यांकडे न जाता तळ्यावर उतरतील, दिवसभर खांब बंद राहील, पक्षी खाऊनपिऊन पुढे जातील, असा हिशोब होता. पवनचक्क्यांच्या कंपनीतल्या इंजिनिअर मंडळींनी त्याला 'थांबा' नाव दिलं, एसटीच्या थांब्यासारखं. तेच रुळलं.

थांबा सुरू झाल्यापासून सारिकाची बादली रिकामी परत येऊ लागली. मुजावर पुण्याहून रोज फोन करत. पात्यांखाली आजही काही पडलेलं नाही, असं ऐकलं की ते लहान मुलासारखे हसत.

आणि आता आई नावाने हाक मारत होती.

सारिकाने दुसऱ्या दिवशी आईला आपणच स्कूटरवर बसवून वर नेलं. तिसऱ्या दिवशीही नेलं. खांब चालू झाला की थोड्या वेळाने आईच्या कपाळावरची आठी सैल होई. मग ती बोलायला लागे. सारिकाचा शर्ट पाहून, हे काय गड्यासारखं घालून हिंडतेस, म्हणून रागवे. सारिकाच्या बापाच्या गोष्टी सांगे. कारखान्याच्या हंगामात ते कामावरून परतले की कपड्यांना मळीचा वास यायचा आणि तो वास तिला फार आवडायचा, हे तिने सारिकाला पहिल्यांदाच सांगितलं. एकदा तिने विचारलं, लग्न का मोडलंस? सारिकाने खरं ते सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ज्या वर्षी ते घडलं, त्या वर्षी दोघींना हे जमलं नव्हतं.

खाली घरी आल्यावरही तो शांतपणा थोडा टिके. आई स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाई. मग हळूहळू तिच्या डोळ्यांतली ओळख विझत जाई, आणि ती भिंतीकडे पाहून म्हणे, मला घरला सोडा.

दुसरी गोष्ट सारिकाच्या हाताला आधी कळली आणि मग डोक्याला. वाटसरू पक्षी एखाद्या ठिकाणी दोन-चार दिवस थांबतो, अंगावर चरबी चढवतो आणि निघतो. त्याच ऋतूत तो पुन्हा जाळ्यात सापडणं विरळाच. पण आता जाळ्यांतले निम्मेअधिक पक्षी आधीच कडी घातलेले निघत होते. सुरुवातीला फुंकर मारली की कातडीखाली लोण्यासारखी पिवळी चरबी दिसायची. जायची सगळी तयारी झालेली होती आणि पक्षी जात नव्हते. पुढच्या आठवड्यात तेच पक्षी हाती आले तेव्हा चरबी उतरली होती, आणि छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं. तळ्याकाठचे किडे संपत आले होते. दिवसा थांबा बंद असतानाही पक्षी हलत नव्हते. सांज व्हायची वाट पाहत काठाला दाटीने बसून राहत होते.

हे त्याच दिवशी मुजावरांना सांगायला हवं होतं. रात्री फोन आला तेव्हा तिने पात्यांखालची खबर दिली. वजनं कशी आहेत, असं त्यांनी विचारलं. ठीक आहेत, असं ती म्हणाली. फोन ठेवून तिने ओट्याकडून आत पाहिलं. आत आईने उशी मांडीवर घेतली होती आणि ती तिला थोपटत होती.

ऑक्टोबर लागला. एका संध्याकाळी आईला घेऊन सारिका वर पोचली, तर तळ्याकाठी आणखी माणसं दिसली. गावातले नाना कुंभार होते. त्यांना स्वतःचा मुलगा ओळखू येईनासा होऊन बरेच दिवस झाले होते. धनगरवाड्यावरची एक म्हातारी होती. खालच्या वाड्यांतले दोघं-तिघं होते. त्यांच्या मागोमाग धावत आलेली लेकी-सुना-मुलं काय करावं ते न कळून लांब उभी होती. म्हातारी माणसं गवतात अंतरा-अंतरावर बसली होती. एकमेकांशी बोलत नव्हती. त्यांच्या मधून धोबी फिरत होते. सारिकाच्या पावलांच्या आवाजाने ना एकाही पक्ष्याने मान वळवली, ना एकाही माणसाने. उजेड निळा होत चालला होता आणि त्या सगळ्यांचे चेहरे सारखे दिसत होते. कुणीच कशाची वाट पाहत नव्हतं. ते पाहून तिने आईचा हात घट्ट धरला.

आई मात्र तिचा हात सोडवून घेऊन पुढे गेली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

घरच्या माणसांनी हळूहळू आपापली समजूत करून घेतली. आजा शांत होतो, आजी जेवते, म्हणजे जागेचंच काही तरी पुण्य असणार. कुणी तरी खांबाच्या पायथ्याशी नारळ फोडला, गुलाल वाहिला. सारिकाने तो हाताने झाडून काढला, पण कुणाला काही समजावून सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

असेच विस्मरण झालेले आप्पा शेलार कड्याखालच्या वाडीत राहायचे. वाडीतून सड्यावर यायला घाटाची लांब वळणाची वाट आहे. पण त्यांना जे दिसत होतं ते सरळ रेषेत होतं, आणि त्या रेषेवर मधे कडा होता. आप्पांनी कडा चढायला घेतला. त्या वयात ते बरेच वरपर्यंत पोचले होते, असं दुसऱ्या दिवशी त्यांचा देह खाली आणणारे म्हणाले. एका हाताच्या मुठीत उपटलेलं गवत तसंच होतं.

सारिका मातीला गेली. आप्पांची सून ओसरीवर बसली होती. तिने सांगितलं, की म्हातारा वर्षभर घर घर करत होता. काल मात्र हसत बाहेर पडला, म्हणून तिने अडवलं नाही. ती हे पुन्हा पुन्हा सांगत होती, जो येईल त्याला. सारिकाला तिच्याकडे पाहवेना. वाडीबाहेर येऊन तिने मुजावरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आईचं, म्हाताऱ्यांचं, आप्पांचं. पक्ष्यांच्या वजनांचंही.

 मग मुजावर एवढंच म्हणाले, की मी निघतो.

ते पोचले तेव्हा सांज होत आली होती. पोलीस पंचनामा करून गेले होते आणि कंपनीने तेवढ्या दिवसापुरती पाती थांबवली होती. त्यामुळे सडा कधी नव्हे इतका गप्प होता. आप्पांची बातमी खोऱ्यात पसरूनही म्हातारी माणसं आलीच होती. घरच्यांनी त्यांना हाताला धरून वाटेने आणलं होतं. मुजावर तळ्याच्या काठाने चालत गेले. एक धोबी त्यांच्या बुटापुढून हलला नाही, तेव्हा त्यांनी वाकून तो उचलला. पक्ष्याने धडपड केली नाही. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला आणि हळूच परत ठेवला.

"माणसाच्या डोळ्यातही ते प्रथिन आहे," ते सारिकाशेजारी येऊन म्हणाले. "आपला मेंदू त्याच्याकडे लक्ष देत नाही, इतकंच. वर केवढा गलबला असतो. नावं, कामं, पत्ते. या लोकांचा तो गलबला ओसरलाय, आणि खालचं काही तरी उघडं पडलंय. असं मला वाटतं. खात्रीने मी काहीच सांगू शकत नाही, सारिकाताई. हे मला आधी सुचायला हवं होतं."

त्यांचं बोलणं ऐकून मालनबाईंनी मान वळवली. गेल्या वर्षी मुजावर घरी आले होते तेव्हा त्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या. आता त्यांनी पदर सावरला, पाव्हण्यांनी चहा घेतला का विचारलं, आणि आमच्या सारीला काम फार पडतं, जरा सांभाळून घ्या, असंही सांगितलं. मुजावरांनी हात जोडले. 

"मी थांबा बंद करायला आलोय," ते सारिकाकडे वळून म्हणाले.

सारिकाने, आजचा दिवस राहू द्या, म्हटलं. उद्या सकाळी बंद करू, रात्रीत काही बिघडत नाही, असंही म्हटलं. बोलता बोलताच तिला आपला आवाज परका वाटायला लागला.

"या पाखरांना आपण खोटं सांगतोय, की तुम्ही पोचलात," मुजावर म्हणाले. "ती उपाशी बसलीत. आणखी थोडे दिवस असेच गेले, तर निघायची ताकद राहणार नाही."

"आणि आईला सांगतोय, ते?"

 मुजावरांनी खिशातून खांबाच्या पेटीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. कदाचित त्यांच्याच्याने ते होत नव्हतं. कदाचित तिला विचारल्याशिवाय करायचं नव्हतं.

सारिका आईजवळ जाऊन बसली. आई एका शेजारणीच्या फजितीची जुनी गोष्ट सांगत होती आणि मधेच हसत होती. सारिकाने गोष्ट पुरी होईपर्यंत ऐकली. मग ती उठली, पेटी उघडली आणि खटका खाली ओढला.

लगेच काहीच झालं नाही. मग तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा एक धोबी उडाला. त्याच्यामागे दुसरा, आणि मग एकदम सगळा काठच उठला. पंखांचा एवढा आवाज सारिकाने कधी ऐकला नव्हता. थवा एक गिरकी घेऊन वर गेला आणि थांबलेल्या पात्यांमधून, दक्षिणेकडे, पातळ होत होत दिसेनासा झाला. सगळे गेले नाहीत. काठावर काही तसेच राहिले. त्यांच्यात उठायचं बळ नव्हतं.

गवतातली म्हातारी माणसं इकडेतिकडे पाहू लागली. प्रवासात डोळा लागावा आणि कुणी तरी भलत्याच गावी उतरवावं, तशी. नाना कुंभार रडायला लागले. त्यांच्या मुलाने त्यांना पोटाशी धरलं. आई उभी राहिली होती. तिने सारिकाकडे निरखून पाहिलं आणि फार अदबीने म्हणाली, "बाई, मला जरा घरापतुर सोडता का? माझी मानसं वाट बगत असतील."

सारिका तिला हाताला धरून खाली घेऊन आली.

मुजावर दुसऱ्या दिवशी आपला सरंजाम गाडीत भरत होते. त्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर प्रयोग करायचं एक लहान रिंगण होतं, परातीएवढं. सारिकाने ते मागितलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. त्या लहरी भिंतीशी थांबत नाहीत, छपरावरून जाणारे पक्षी खाली ओढले जातील, आणि आईंच्या डोक्यावर पुढे काय परिणाम होईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सारिकाने विचारलं, की सगळे पक्षी पुढे निघून गेल्यावर? थंडीत?

मुजावर गाडीला टेकून उभे राहिले. थंडीत सड्यावर जे पक्षी असतात ते इथेच राहायला आलेले असतात. त्यांना पोचलात म्हणून सांगितलं, तर ते खरंच असतं. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊकच होतं. त्यांनी ते रिंगण स्वतः उचलून तिच्या स्कूटरवर बांधलं.

थंडीपर्यंत वाट पाहायची असं तिने ठरवलं होतं, पण आठवडाभरही निभलं नाही. आई दाराशी बसून हुंदके देत होती, जेवत नव्हती, सारिकाला पाहून अंग चोरत होती. एका संध्याकाळी सारिकाने रिंगण तिच्या खाटेखाली सरकवलं आणि चालू केलं. आई शांत झाली. तिने 'सारे' म्हणून हाक मारली. आणि छपराच्या पत्र्यावर बारीक बारीक पावलं वाजायला लागली. थोडी, मग पुष्कळ. सारिका आईचा हात हातात धरून ती पावलं ऐकत बसली. बंद करायला तिने खूप उशीर केला.

सकाळी उंबऱ्यावर एक धोबी मेलेला होता. पायात तिच्याच हातची कडी होती. तो तळ्यावरून उठून निघालेल्यांपैकी होता की उठू न शकलेल्यांपैकी, ते तिला कळायला मार्ग नव्हता. तिने रिंगण उचललं, कापडात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

ते दोन महिने तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. थांबा कायमचा बंद झाला. पहाटे आणि सांजेला पाती थांबवायचा हुकूम निघाला आणि कंपनीने तो बराचसा पाळला. उरलेल्या वेळी पात्यांखाली पक्षी पुन्हा पडू लागले, पूर्वीपेक्षा कमी. सारिका पुन्हा बादली घेऊन जाऊ लागली. पहाटे जाळी लावायची, भरल्या अंगाचे पक्षी मुठीत घ्यायचे आणि सोडायचे. ते दुसऱ्यांदा सापडत नव्हते. घरी आली की एक परकी बाई तिला, मला घरी सोडा, म्हणून विनवायची.

डिसेंबरात सड्यावरचे वाटसरू संपले. तेव्हा तिने माळ्यावरून रिंगण काढलं.

त्यानंतर दरवर्षी असंच होत राहिलं. होळीच्या सुमाराला पक्षी उत्तरेकडे परतू लागत, तेव्हा ती रिंगण बंद करी. मग पावसाळा यायचा, आणि धुक्यात बुडालेल्या आरवडीत निळा उजेड नावालाही नसायचा. शरदात तर बंदच. आई फक्त थंडीत घरी असायची. त्या दिवसांत संध्याकाळी कुंभारांचा मुलगा नानांना घेऊन यायचा, धनगरवाड्यावरची म्हातारीही कुणाच्या तरी सोबतीने यायची. सारिका ओसरीवर सतरंजी घालायची. मुजावर वर्षातून एकदा येऊन आईला तपासून जायचे आणि फारसं काही बोलायचे नाहीत. दरवर्षी आईला यायला थोडा जास्त वेळ लागत होता. पहिल्या वर्षी एक संध्याकाळ पुरली होती. पुढच्या वर्षी बऱ्याच संध्याकाळी लागल्या. नाना तिसऱ्या वर्षी वारले.

चौथ्या वर्षी शेवटचा वाटसरू धोबी सोडल्यावर सारिकाने रिंगण लावलं, तर आठवडा गेला, दुसरा गेला, तरी आई आढ्याकडे पाहत पडून होती. ती फार वाळली होती. सारिकाने तिला कुशीवर वळवलं तेव्हा तिच्या बरगड्या हाताला लागल्या आणि तिला मुठीतल्या वाळलेल्या पाखराचा नको तो भास झाला. ती रोज संध्याकाळी दार उघडून ठेवी, म्हणजे होता नव्हता तो उजेड आत यावा, आणि खाटेशी बसून राही. या वर्षी काही होणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ती अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला उठली.

परत आली तेव्हा आई उठून बसली होती. केस दोन्ही हातांनी मागे सारत ती सारिकाकडे पाहत होती, बऱ्याच दिवसांनी गावी आलेल्या माणसाकडे पाहावं तशी.

"कवा आलीस गं?"

"आत्ताच," सारिका म्हणाली. तिने कपड्यांचा गठ्ठा खाटेवर ठेवला.

"किती दिस हाईस?"

सारिकाने दाराबाहेर पाहिलं. तिन्हीसांजेचा उजेड आणखी थोडा वेळ राहणार होता.

"होळीपर्यंत आहे, आई."

"लई झालं," मालनबाई समाधानाने म्हणाल्या, आणि गठ्ठ्यातलं एक पातळ ओढून घेऊन त्याची घडी घालायला लागल्या.